चारशे दिवसांचा प्रतिध्वनी

पावसाळ्यात वीज चमकली की घरातली पोरे आकडे मोजू लागतात. वीज दिसल्यापासून गडगडाट कानी येईपर्यंत जितके सेकंद जातील त्यांना तिनाने भागले, की वीज किती किलोमीटरवर कडाडली ते साधारण कळते. उजेड तत्काळ येतो, आवाज रेंगाळत येतो. त्या रेंगाळण्यातच अंतर दडलेले असते. जिथे दोरी टाकता येत नाही आणि पाऊल नेता येत नाही, तिथले अंतर घड्याळाने मोजायची ही युक्ती आहे. शाळेत ती एका तासात शिकवून होते.

हीच युक्ती विसाव्या शतकात काही माणसांनी विश्वाच्या पसाऱ्यातील अत्यंत दूरच्या आणि प्रखर दिव्यांना लावली. फरक एवढाच की, पोरे सेकंद मोजतात आणि ह्या माणसांना दिवस, महिने, प्रसंगी वर्षे मोजावी लागली. शिवाय तिथे आवाज नव्हता. एक उजेड डोळ्यांना दिसणारा वा त्याहून तीव्र, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा, उबेसारखा. पहिला आधी येई, दुसरा मागाहून. ह्या मागाहून येणाऱ्या उजेडाची ही हकीकत आहे.

तिची सुरुवात एका वादकापासून होते. विल्यम हर्शल हा जर्मनीतील हॅनोव्हरचा. १७३८ चा जन्म. पोटासाठी इंग्लंडात आला, बाथ शहरातील एका प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवू लागला आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणींतून आकाश पाहू लागला. १७८१ साली त्याला युरेनस ग्रह सापडला. राजाने तनखा दिला, आणि वादकाचा पुरता ज्योतिषी झाला. पुढे प्रत्येक निरभ्र रात्री आकाशाचा एकेक पट्टा तो दुर्बिणीतून न्याहाळी आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगे. बहीण कॅरोलाइन ते टिपून घेई. १७८७ साली अशाच एका रात्री सप्तर्षींच्या दक्षिणेला, श्यामशबल नावाच्या अंधुक तारकासमूहात, त्याला धुक्याचा एक ठिपका दिसला. असे शेकडो ठिपके त्याने नोंदले होते. हाही नोंदला आणि तो पुढे गेला. ह्या ठिपक्याला पुढील काळात एन.जी.सी. ४१५१ असा क्रमांक मिळाला.

तेरा वर्षांनी, १८०० साली, हाच हर्शल सूर्याकडे पाहण्यासाठी रंगीत काचा तपासत होता. कोणत्या रंगाबरोबर उष्णता किती येते, हे ठरवायला त्याने लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि रंगांच्या पट्ट्यात तापमापक ठेवले. जांभळ्यापेक्षा हिरव्यात, हिरव्यापेक्षा तांबड्यात पारा अधिक चढला. मग त्याने तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे सरकवला. पारा आणखी वर गेला! डोळ्यांना न दिसणारा, परंतु सूर्यापासून येणारा, वाकणारा, परावर्तित होणारा असा प्रकाश असतो हे त्या दिवशी माणसाला प्रथम कळले. आज त्यालाच आपण अवरक्त किरण म्हणतो. तापलेला तवा, विझत आलेला निखारा, आपले स्वतःचे अंग, सगळे त्या प्रकाशात उजळत असते.

तो ठिपका आणि हा प्रकाश, दोन्ही एकाच माणसाच्या वहीत होते. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. त्यासाठी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

मधल्या काळात हे ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच अब्जावधी ताऱ्यांच्या दीर्घिका आहेत, हे ठरले. १९४३ साली कार्ल सायफर्ट नावाच्या तरुण अमेरिकन ज्योतिषाने एक निबंध प्रसिद्ध केला. माउंट विल्सनच्या वेधशाळेत त्याने सहा दीर्घिकांच्या मध्यभागाचे वर्णपट घेतले होते, आणि हर्शलचा तो ठिपका त्या सहांत होता. सर्वसाधारण दीर्घिकेचा मध्य म्हणजे ताऱ्यांची दाटी. ह्या सहांच्या मध्याशी मात्र ताऱ्यासारखा लखलखीत बिंदू होता, आणि त्याच्या प्रकाशात तप्त वायूच्या रेषा इतक्या रुंदावलेल्या होत्या की, तो वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरत असला पाहिजे. कशाभोवती, हे सायफर्टला सांगता आले नाही. महायुद्ध चालू होते. तो स्वतः सैनिकांना नौकानयनाचे गणित शिकवीत होता. निबंधाकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९६० साली मोटार अपघातात सायफर्ट गेला. त्याचे वय तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. आज ‘सायफर्ट दीर्घिका’ हा शब्द ज्योतिषाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पण त्याच्या हयातीत त्या कामाचे मोल कोणाला फारसे उमगले नाही.

त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९६३ साली, मार्टेन श्मिट ह्याने पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीतून ३सी २७३ नावाच्या ‘ताऱ्या’चा वर्णपट उलगडला. तो तारा नव्हताच. दोनशे कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास अंतरावरून तो एवढा तेजस्वी दिसत होता, म्हणजे संपूर्ण दीर्घिकांनाही तो फिका पाडीत असला पाहिजे. अशा वस्तूंना क्वेसार हे नाव पडले. त्याच वर्षी हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफलाइट ह्यांनी हार्वर्डमधील जुन्या छायाचित्रांच्या काचा काढून पाहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ह्या काचा कपाटांत रचून ठेवलेल्या होत्या आणि क्वेसार त्यांच्यावर कोणाला नकळत उमटलेला होता. त्याचे तेज कमीजास्त होत आले होते. १९६७ मध्ये एन.जी.सी. ४१५१ च्या मध्यबिंदूचे तेजही बदलते असे आढळले.

ही बाब दिसायला किरकोळ, पण तिने मोठमोठ्यांची झोप उडवली. एखादी वस्तू महिन्याभरात ठळकपणे उजळली वा मंदावली, तर ती प्रकाशाला महिन्याभरात ओलांडता येईल त्याहून फार मोठी असू शकत नाही. कारण तिच्या एका टोकाची वार्ता दुसऱ्या टोकाला प्रकाशापेक्षा लवकर पोहोचतच नाही. म्हणजे अब्जावधी सूर्यांचे तेज, आणि ते एवढ्याशा जागेतून! ताऱ्यांना हे साधणारे नव्हते. १९६४ साली सॉल्पीटर आणि झेल्दोविच ह्या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवले की, मध्यभागी प्रचंड वस्तुमानाचे काहीतरी असावे आणि त्यात पडणारा वायू तापून हा उजेड देत असावा. १९६९ मध्ये डॉनल्ड लिंडन-बेल ह्याने हा विचार दीर्घिकांच्या केंद्रांना लावला. आज आपण त्या वस्तूला कृष्णविवर म्हणतो आणि अशा दीर्घिकांच्या मध्यभागाला क्रियाशील केंद्र. गंमत अशी की कृष्णविवर स्वतः काळेच. उजेड असतो तो त्याच्या तोंडी पडणाऱ्या अन्नाचा.

आता अवरक्त प्रकाशाकडे वळू. हर्शलच्या तापमापकाने सूर्य मोजता आला. तारे मोजायचे तर फार हळवे उपकरण हवे. शिवाय एक विलक्षण अडचण होती. हवा, आरसा, दुर्बिणीची नळी, निरीक्षकाचा हात, सर्व काही अवरक्त प्रकाशाने उजळलेले. दहा मायक्रॉन लांबीच्या लहरींत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाश पाहणे म्हणजे भर दुपारी, पेटत्या मशालींच्या गराड्यात उभे राहून चांदण्या मोजण्यासारखे. १९६१ साली फ्रँक लो ह्या अमेरिकन भौतिकीज्ञाने जर्मेनियमचा एक चिमुकला उष्णतामापक बनवला. तो द्रवरूप हेलियममध्ये बुडवून, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ आणून वापरायचा. दुर्बीण क्षणात ताऱ्यावर, क्षणात शेजारच्या रिकाम्या आकाशावर अशी हलवीत राहायची आणि पहिल्या मापातून दुसरे वजा करायचे. हॅरॉल्ड जॉन्सन ह्याने अवरक्त प्रकाशाच्या ज्या पट्ट्यांना हवा वाट देते त्यांना अक्षरे देऊन मापनाची पद्धत बसवली. लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सायफर्टच्या दीर्घिका व क्वेसार ह्या उपकरणाने मोजले, तेव्हा काहींच्या बाबतीत एक अनपेक्षित गोष्ट समोर आली: डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापेक्षा त्यांचा न दिसणारा उजेडच जास्त होता.

हा उजेड कुठून येतो? इथे दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगाने भोवंडणारे इलेक्ट्रॉन तो देतात. म्हणजे तो थेट केंद्रातल्या इंजिनाचाच उजेड. दुसरा पक्ष म्हणे, इतके नवल करायला नको. केंद्राभोवती धूळ आहे, ती प्रखर उजेड गिळते, तापते आणि निखाऱ्यासारखी धगधगते. १९६९ साली मार्टिन रीस, जोसेफ सिल्क, मायकेल वर्नर आणि मूळचे कोलंबोचे चंद्र विक्रमसिंघे ह्या चौघांनी धुळीची बाजू मांडली.

वाद नुसता शब्दांचा नव्हता. धूळ खरी असेल, तर सायफर्टने पाहिलेल्या तेजोबिंदूभोवती एक भिंत आहे, आणि काही दीर्घिकांची केंद्रे मंद दिसतात ती केवळ भिंत आपल्या वाटेत आल्यामुळे. मग दिसते ते किती आणि दडलेले किती, हा हिशेबच नव्याने मांडावा लागणार. निवाडा करायचा कसा? केंद्र इतके दूर की कोणत्याही दुर्बिणीत तो एक बिंदूच. पण तो बिंदू बदलता होता, आणि इथेच विजेची व गडगडाटाची ती जुनी युक्ती उपयोगी पडणार होती. अवरक्त उजेड इंजिनाचा असेल तर तो इतर उजेडाबरोबरच चढेल-उतरेल. धुळीचा असेल तर उशीर होईल, कारण केंद्राचा उजेड आधी धुळीपर्यंत जाणार, तिला तापवणार, आणि मग तिची ऊब आपल्याकडे निघणार. उशीर किती दिवसांचा, ते कळले की धूळ केंद्रापासून किती दूर आहे तेही कळले.

निवाडा लवकर झाला नाही. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत काही दीर्घिकांचा दहा मायक्रॉनचा उजेड भराभर बदलतो असे वाटले. तसे असते तर धुळीचा पक्ष गारद झाला असता. कारण इतक्या लांब लहरींत उजळणारी धूळ पुष्कळ पसरलेली असणार, आणि एवढा पसारा भराभर बदलू शकत नाही. नंतरच्या सावध मापनांत ते बदल टिकले नाहीत. अशा वादात एका रात्रीच्या मापाला किंमत नसते. तेच केंद्र, त्याच पट्ट्यात, वर्षानुवर्षे मोजत राहणारा कोणीतरी लागतो.

तो दक्षिण आफ्रिकेत भेटला. केपटाउनचे ज्योतिषी टोनी फेअरॉल ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात दक्षिण आकाशातील तेजस्वी केंद्रांच्या दीर्घिकांची एक यादी केली होती. तिच्यातील नववी दीर्घिका ‘फेअरॉल ९’ म्हणून ओळखली जाते. अंतर साठ कोटी प्रकाशवर्षांहून अधिक. जानेवारी १९७८ मध्ये अतिनील किरण पाहणारा आय.यू.ई. नावाचा उपग्रह अवकाशात गेला. दुर्बीण अवघी पंचेचाळीस सेंटिमीटरची, आयुष्य तीन वर्षांचे धरलेले. तो अठरा वर्षे चालला. त्याने फेअरॉल ९ पाहायला घेतली आणि ती डोळ्यांदेखत विझू लागली. १९७८ ते १९८४ ह्या सहा वर्षांत तिच्या केंद्राचा अतिनील उजेड सुमारे तिसाव्या हिश्श्यावर आला.

त्याच काळात कारू ह्या वैराण पठारावरील सदरलंडच्या वेधशाळेत इयन ग्लास नावाचे ज्योतिषी सायफर्ट दीर्घिकांचा अवरक्त उजेड मोजत होते. काम असे की ऐकणाऱ्याला जांभई यावी. ठरलेल्या दीर्घिका, ठरलेले चार पट्टे, पुन्हा पुन्हा तेच आकडे. एखाद्या वर्षाच्या आकड्यांवरून काही म्हणजे काही सिद्ध होत नाही. तरी ग्लास आकडे लिहीत राहिले. पुढे उपग्रहाकडील जाँ क्लावेल आणि विलेम वामस्टेकर ह्यांनी ग्लास ह्यांच्यासह दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अतिनील उजेड उतरला, चढला. दोन आणि साडेतीन मायक्रॉनांच्या आसपासचा अवरक्त उजेडही तसाच उतरला, चढला, पण सुमारे चारशे दिवसांनी. मापात शंभरेक दिवसांची खालीवर शंका होती; उशीर आहे ह्याबद्दल मात्र शंका उरली नाही.

चारशे दिवस! प्रकाश एका दिवसात जितका जातो त्याच्या चारशेपट, म्हणजे सुमारे दहा लाख कोटी किलोमीटर. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत जायला प्रकाशाला चार तासांच्या थोडेच वर लागतात, ह्यावरून त्या अंतराची कल्पना यावी. कृष्णविवराभोवती तेवढ्या अंतरावर तापलेली धूळ होती. आणि तिथेच का, ह्याचेही उत्तर तयार होते. रिचर्ड बार्व्हेनिस ह्याने १९८७ मध्ये दाखवले होते की, धुळीचे कण, विशेषतः ग्रॅफाइटचे, सुमारे पंधराशे केल्व्हिनपर्यंत तग धरतात. त्यापुढे त्यांची वाफ होते. तेव्हा केंद्राच्या आसपास धूळ राहूच शकत नाही. ठरावीक अंतरावर, जिथे ताप सोसवेल तिथे, तिची पहिली भिंत उभी राहते. पंधराशे केल्व्हिनला तापलेली वस्तू प्रामुख्याने दोन मायक्रॉनांच्या आसपास उजळते, आणि उशीर सापडला तो नेमका तिथे. होळीभोवती पोरे जशी ठराविक वर्तुळाच्या आत पाऊल टाकीत नाहीत, तशी धूळ उभी होती. होळी मोठी तेवढे वर्तुळ मोठे. केंद्र प्रखर तेवढी भिंत दूर.

ह्या शेवटच्या वाक्यात एक मोठी आशा दडलेली होती. भिंतीच्या अंतरावरून दिव्याचे खरे तेज कळते. खरे तेज आणि दिसणारे तेज दोन्ही हाती आली की दिवा किती दूर आहे तेही कळते. क्रियाशील केंद्रे विश्वात फार दूरवर पसरलेली आहेत. त्यांचे मैलाचे दगड झाले तर विश्व किती वेगाने फुगते आहे हेसुद्धा मोजता येईल.

युझुरु योशी ह्या जपानी ज्योतिषाने त्यासाठी तोक्यो विद्यापीठातर्फे एक दुर्बीणच वेगळी बांधली. हवाई बेटांतील माउई येथे, हालेआकाला ह्या तीन हजार मीटर उंच ज्वालामुखीच्या माथ्यावर, दोन मीटर आरशाची. मॅग्नम हे तिचे नाव. २००१ पासून पुढे कित्येक वर्षे तिने एवढेच केले: ठरलेली क्रियाशील केंद्रे दृश्य आणि अवरक्त, दोन्ही प्रकाशांत एकाच वेळी मोजणे. तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांत हर्शलचा तो १७८७ चा ठिपका होता. एन.जी.सी. ४१५१ चा दृश्य उजेड चढला की त्याची ऊब अठ्ठेचाळीस दिवसांनी चढे, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. हर्शलच्या वहीतल्या दोन नोंदी आता एका वाक्यात आल्या होत्या.

पुढच्या वर्षांत आणखी एक गोष्ट उमगली. हा उशीर कायम तेवढाच राहत नाही. ह्या दीर्घिकेत तो तीस-पस्तीस दिवसांपासून सत्तर दिवसांपर्यंत बदलला. भिंत अढळ नाही. केंद्र भडकले की जवळची धूळ जळून जाते, मंदावले की पुन्हा जमते. योशी ह्यांच्या गटाने सतरा दीर्घिकांच्या उशिरांवरून विश्वप्रसरणाचा वेग काढला: दर मेगापार्सेकला सेकंदाला ७३ किलोमीटर. हा आकडा २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि अगदी निराळ्या मार्गांनी काढलेल्या आकड्यांशी त्याचा मेळ बसला.

त्याच वर्षी सेबास्टियन हौनिग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ह्याहून सरळ वाट काढली. हवाईतीलच मौना केआ पर्वतावर केकच्या दहा-दहा मीटरच्या दोन दुर्बिणी आहेत. दोहोंचा प्रकाश एकत्र मिळवला की एकटीच्या कितीतरी पट बारकावा हाती येतो. त्या बारकाव्याने एन.जी.सी. ४१५१ च्या धुळीचे कडे आकाशात किती रुंद दिसते ते मोजता आले होते. कड्याची खरी रुंदी उशिरावरून ठाऊक होती. खरी रुंदी आणि दिसणारी रुंदी ठाऊक असली की अंतर हा त्रिकोणमितीचा साधा प्रश्न होतो. शेतजमीन मोजणारा सर्व्हेअर तेच करतो. ह्या दीर्घिकेचे अंतर तोवर कोणी सव्वा कोटी प्रकाशवर्षे म्हणे, कोणी साडेनऊ कोटी. हौनिगचे उत्तर आले सुमारे सहा कोटी वीस लाख. २०२० मध्ये स्पंदन पावणाऱ्या ताऱ्यांवरून अंतर निघाले ते पाच कोटी पंधरा लाखांच्या घरात. दोन्हींत तफावत आहे, पण सव्वा ते साडेनऊ कोटींच्या त्या अंधारापुढे ती लहान आहे.

इथपर्यंत सांगितलेली सर्व ऊब धुळीची. परंतु पहिला पक्ष सर्वस्वी चुकला होता असे मात्र नाही. काही क्रियाशील केंद्रांतून तप्त द्रव्याचा झोत थेट आपल्या रोखाने सुटलेला असतो. त्यांना ब्लेझार म्हणतात. त्यांचा अवरक्त उजेड प्रामुख्याने भोवंडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचाच असतो आणि दिवसादिवसाला, तासातासाला बदलतो. दोन्ही पक्ष आपापल्या घरी खरे ठरले. ह्या दुसऱ्या घराण्यातील एका केंद्राची कथा आपल्या मुंबईपर्यंत येते.

ओजे २८७ हे त्याचे नाव. पुष्य नक्षत्रातील ताऱ्यांच्या पुंजक्याच्या किंचित पूर्वेला ते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या जुन्या काचांवर ते सापडते, आणि त्यावरून १९८८ साली ध्यानात आले की, दर बारा वर्षांच्या आसपास ते भडकते. फिनलंडचे माउरी व्हाल्टोनेन आणि त्यांचे सहकारी म्हणाले, इथे दोन कृष्णविवरे असावीत. लहान विवर मोठ्याभोवती फिरताना त्याच्या वायूच्या तबकडीला छेदते तेव्हा भडका उडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील लंकेश्वर डे आणि ए. गोपाकुमार ह्यांनी ह्या गटाबरोबर आइन्स्टाइनच्या समीकरणांतून त्या कक्षेचे गणित बारकाईने मांडले आणि २०१८ साली भाकीत केले: पुढचा भडका ३१ जुलै २०१९ रोजी.

आता ३१ जुलै म्हणजे सूर्य पुष्य नक्षत्रात. आपल्याकडे त्या दिवसांत म्हातारा पाऊस पडत असतो हे तर खरेच. पण पाऊस नसता तरी पृथ्वीवरून ओजे २८७ दिसले नसते, ते सूर्याच्या झगमगाटात बुडालेले. भाकीत तपासायचे तर पृथ्वी सोडून दुसरीकडे उभे राहायला हवे. असा एक डोळा त्या वेळी होता: २००३ साली सोडलेली स्पिट्झर ही अवरक्त दुर्बीण. सूर्याभोवती पृथ्वीच्या मागे रेंगाळत ती पंचवीस कोटी किलोमीटरवर गेली होती. तिच्या जागेवरून ओजे २८७ नेमके ३१ जुलैलाच दिसू लागणार होते. तिने पाहिले. भडका भाकिताच्या वेळेपासून चार तासांच्या आत आला होता. त्यानंतर सहाच महिन्यांनी, ३० जानेवारी २०२० रोजी, स्पिट्झर कायमची बंद करण्यात आली. तिचे प्रमुख शास्त्रज्ञ म्हणून वर्षानुवर्षे काम पाहिलेले गृहस्थ होते मायकेल वर्नर: १९६९ साली धुळीची बाजू मांडणाऱ्या चौघांपैकी एक.

प्रकरण तिथे मिटले असे समजू नये. २०२२ च्या ऑक्टोबरात अपेक्षिलेला पुढचा भडका दिसला नाही, आणि स्टेफनी कोमोसा ह्यांच्या गटाने २०२३ मध्ये म्हटले की, मोठे विवर १८०० कोटी सूर्यांचे नसून दहा कोटींच्या आसपास असावे. व्हाल्टोनेन ह्यांचा गट आपल्या मतावर ठाम आहे. ह्याही तंट्याचा निवाडा आकड्यांची वही लांबत गेली तरच होईल.

ह्या साऱ्या इतिहासात मला तीच बाब पुन्हा पुन्हा खुणावते. फेअरॉल ९ चा निष्कर्ष कोणा एका रात्रीच्या स्फुरणातून आला नाही. हार्वर्डच्या काचा जपणाऱ्यांना क्वेसार म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. सदरलंडला आकडे लिहिणाऱ्याला प्रतिध्वनी सापडेलच अशी हमी नव्हती. आणि अशा कामाला पैसे देणाऱ्यांची कायम एकच तक्रार असते, की ह्या वर्षी नवे काय मिळाले? उत्तर पुष्कळदा ‘काही नाही’ असेच असते. पण वही एक वर्ष बंद पडली आणि नेमक्या त्याच वर्षी केंद्र भडकले, तर गेलेला उजेड पुन्हा बोलावता येत नाही. उपकरण नवे घेता येते. राहून गेलेले वर्ष विकत मिळत नाही.

वाइज ह्या अवरक्त उपग्रहाची गोष्ट ह्यापेक्षा निराळी नाही. चाळीस सेंटिमीटर दुर्बिणीचा हा उपग्रह डिसेंबर २००९ मध्ये गेला, शीतद्रव्य संपल्यावर २०११ मध्ये झोपवला गेला, आणि २०१३ मध्ये पृथ्वीजवळचे लघुग्रह शोधण्यासाठी निओवाइज ह्या नावाने पुन्हा जागा केला गेला. लघुग्रह शोधता शोधता त्याने दर सहा महिन्यांनी सगळे आकाश दोन अवरक्त पट्ट्यांत टिपले. क्रियाशील केंद्रे टिपणे हे त्याचे ठरलेले कामच नव्हते. तरी त्या दहा वर्षांच्या नोंदींतून असंख्य केंद्रांची ऊब कशी चढली-उतरली हे कळू लागले; काही केंद्रे वर्षा-दोन वर्षांत जवळजवळ विझली, काही विझलेली पुन्हा पेटली, आणि भोवतालची धूळ त्यांच्या मागोमाग थंडावली वा तापली. जुलै २०२४ मध्ये त्याचे काम थांबले. नोव्हेंबरात तो वातावरणात शिरून जळून गेला. भारतीय वेळेप्रमाणे ती २ नोव्हेंबरची सकाळ होती, दिवाळीच्या पाडव्याची. त्याच्या नोंदी राहिल्या आहेत, आणि ज्याला हवे त्याला त्या पाहता येतात.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठणाऱ्यांनी, आकाश स्वच्छ असेल तर, अंगणात वा गच्चीवर येऊन ईशान्येकडे पाहावे. सप्तर्षी वर आलेले असतात. त्यांतील पुलस्त्याच्या दक्षिणेस, साध्या डोळ्यांना रिकाम्या वाटणाऱ्या जागी, एन.जी.सी. ४१५१ आहे. तिच्या केंद्राचा आज निघालेला उजेड आपल्याला दिसणार नाही. आज पोहोचणारा निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. पण तो जर आज थोडा चढला, तर त्याची ऊब महिन्या-दोन महिन्यांनी, तुळशीचे लग्न उरकून थंडी पडल्यावर, मागोमाग पोहोचेल. तेव्हा ती टिपायला कोणीतरी जागे असायला हवे.